निरोपाचा विडा

चोपदारमामा सरकारी पोर्टल उघडण्यापूर्वी चपला काढत. नुसत्या चपला काढून भागत नसे. सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण लावत, गुंडाळलेल्या बाह्या खाली घेत, खुंटीवरची काळी टोपी डोक्यावर चढवत आणि मगच कीबोर्डला हात लावत. उन्हाळ्यात धारला पंखासुद्धा गरम वारा फेकतो, पण टोपीशिवाय मामांनी कधी लॉगिन केल्याचं मी पाहिलेलं नाही. समोर बसलेल्यालाही सूट नव्हती. कुणी पायावर पाय टाकून बसला की मामा माउसवरचा हात उचलत आणि त्या पायाकडे बघत राहत. पाय आपोआप खाली येई. "सरकारसमोर बसलोय आपण," ते म्हणत. "त्यांना दिसत नाही म्हणून काय झालं? आपल्याला तर दिसतंय ना."

त्यांच्या घराण्याकडे धारच्या संस्थानात चोपदारी होती. दरबार भरला की दाराशी काठी घेऊन उभं राहायचं, आलेल्याचं नाव पुकारायचं, मुजरा कुठे करायचा, किती वाकायचं, मागे कधी सरायचं हे त्याच्या कानात सांगायचं, एवढंच काम. "आमच्या पणजोबांनी जन्मात कुणाचं काही केलं नाही," मामा मोठ्या अभिमानाने सांगत. "फक्त माणसाला आत नेलं आणि बाहेर आणलं." संस्थान गेलं, काठी गेली. मामा नालछ्याच्या शाळेत पीटीचे मास्तर झाले आणि निवृत्त होऊन धारला परतले. तोवर सरकारने खरेदीचा सगळा कारभार पोर्टलांवर नेला होता. शाळेला खडू हवेत, दवाखान्याला झाडू हवेत, तर पुरवणाऱ्याने आधी पोर्टलावर नाव नोंदवायचं. तेही एकाच ठिकाणी नाही. केंद्राचं निराळं, राज्याचं निराळं, लघुउद्योगाचं निराळं, कराचं निराळं, आणि प्रत्येकाला तेच कागद नव्याने हवेत. बांबूच्या टोपल्या विणणारा माणूस तिथे गांगरून उभा राहिला तर त्यात त्याचा काय दोष? मामांनी हे पाहिलं आणि त्यांना आपल्या घराण्याचा धंदा ओळखू आला. दार होतं, आत जायला बिचकणारी माणसं होती, फक्त चोपदाराची जागा रिकामी होती. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक मांडला आणि ती जागा भरली.

मी देवासची, शिंप्याघरची. आमचे पूर्वज दरबारी मंडळींचे अंगरखे शिवत. मामांना हे कळलं तेव्हा ते फार खूश झाले होते. "म्हणजे तुमच्या लोकांनी शिवायचे आणि आमच्या लोकांनी घालून उभं राहायचं," ते म्हणाले. "तुम्ही तरी बसून काम केलंत, बाई. आमच्या तर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या." आता मी अंगरखे शिवत नाही. देवासला माझं शिलाई केंद्र आहे, आठ मशिनी आहेत, आणि चादरी, अभ्रे, पडदे शिवणाऱ्या आठ बाया. बाजारात आमच्या चादरीला कुणी विचारत नाही, कारण बाहेरून येणारा माल तिच्याहून स्वस्त पडतो. आमचं चालतं ते सरकारी वसतिगृहांच्या ऑर्डरींवर, आणि ऑर्डरी चालतात पोर्टलांवरच्या नोंदणीवर.

ती नोंदणी मला एका एजंटाने करून दिली होती, आणि देताना सगळीकडे मोबाइल नंबर स्वतःचा टाकला होता. मग एक दिवस तो धंदा सोडून कुठे गेला ते देवाला ठाऊक. त्याचा फोन बंद झाला, एकेका पोर्टलावर माझ्या नोंदणीची मुदत संपत गेली, आणि नूतनीकरणाचा प्रत्येक ओटीपी त्या बंद फोनवर जाऊन पडू लागला. नंबर बदलायला जावं तर पोर्टल म्हणे, जुन्या नंबरावर आलेला ओटीपी टाका. पेटीची किल्ली पेटीतच. नोंदणी नाही तर टेंडर नाही, आणि टेंडर नाही तर मशिनींवर जुनेर टाकून बायांना घरी बसवायचं. लता, म्हणजे माझ्याकडची सगळ्यांत जुनी बाई, रोज विचारायची, "ताई, कुछ हुआ क्या?" आणि मला नुसता राग यायचा. राग हा माझा जुना आजार आहे. शेवटी धारच्या एका मावसबहिणीने सांगितलं, आमच्या गल्लीत एक मामा आहेत, त्यांच्याकडे जा, पण जाताना नीट साडी नेसून जा.

इंदूरला बस बदलून मी धारला पोचले ती तापूनच. हातात कागदांची पिशवी, डोक्यावर ऊन. दारातूनच सुरुवात केली.

"मामा, माझं काम फार अर्जंट आहे."

"यावे," मामा म्हणाले. "चपला बाहेर."

"अहो, अर्जंट आहे म्हणते ना!"

"मग लवकर काढा."

माझं सगळं गाऱ्हाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "देवासच्या ना तुम्ही? तुम्हाला समजायला सोपं आहे." आमच्या देवासात पूर्वी एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एवढंसं, पण दोन राजवाडे, दोन दरबार आणि मानपान दोन्हीकडचे. मामांनी केंद्राच्या पोर्टलाला थोरली पाती आणि राज्याच्या पोर्टलाला धाकटी पाती अशी नावं देऊन टाकली होती, आणि धार जिल्ह्यातले सगळे पुरवठादार तीच नावं वापरत. "थोरलीने ओळखलं म्हणून धाकटी ओळखेल असं नाही," मामांनी बजावलं. "आणि थोरलीत काय घडलं ते धाकटीत बोलायचं नाही. आधी थोरलीकडे जाऊ."

जाऊ म्हणजे मदतकेंद्राला फोन लावू. फोन लागला आणि मामा उठून उभे राहिले. आधी हे दाबा, मग ते दाबा, मग बराच वेळ संगीत. मामा टोपी घालून, फोन कानाला लावून, उभेच. आतून मामींचा आवाज आला, "बसा हो, गुडघे दुखतात ना तुमचे!" मामांनी फोनवर तळवा धरला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हुजूर लाइनीवर येऊन राहिलेत." अखेर एक मुलगी बोलू लागली.

"नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

"हुजूर, एक फ़रियाद है."

"सर, शिकायत है या सुझाव?"

"फ़रियाद."

"सर, उसका ऑप्शन नहीं है."

"तो आप शिकायत लिख लीजिए," मामा नम्रपणे म्हणाले, "मगर समझिए फ़रियाद."

त्या मुलीने काय समजून घेतलं कोण जाणे, पण तिने तक्रारीचा नंबर दिला, कागद मागवले, आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर थोरल्या पातीत माझा नंबर बदलला गेला. मी टुणकन उडीच मारायची बाकी होते. मामा म्हणाले, "आत्ता कुठे देवडीपर्यंत आलोय."

त्यानंतर माझं धारला येणंजाणं इतकं वाढलं की बसचा कंडक्टर मला तिथली सासुरवाशीण समजू लागला. मामांच्या खोलीत नेहमी चार माणसं बसलेली असत, सगळी अनवाणी, सगळी पाय जुळवून. नोंदणीचं शेवटचं बटण दाबण्याआधी मामा उठून उभे राहत आणि पीटीच्या मैदानावरच्या आवाजात पुकारत, "गंधवानीचे झाडूवाले, भेरूलाल आणि बंधू, हाजिर आहेत!" मग बटण. शेजारच्या कचोरीवाल्याला त्यामुळे जिल्ह्यातल्या यच्चयावत पुरवठादारांची नावं पाठ झाली होती. भेरूभिया तर नुसतं आपलं नाव पुकारलेलं ऐकायला म्हातारीला गंधवानीहून घेऊन आले होते. म्हातारीने पदर सावरून संगणकाला हात जोडले आणि मामांनी तिला मुळीच अडवलं नाही.

दुसऱ्याचा पासवर्ड कानावर पडणं मामा पाप मानत. "खाजगीतली गोष्ट," ते म्हणत, आणि समोरचा पासवर्ड टाकू लागला की भिंतीकडे तोंड करून उभे राहत, वर डोक्यावरून पंचा घेत. पण भेरूभियांना एकेक अक्षर मोठ्याने बोलल्याशिवाय बटण सापडत नसे. पुढच्या खेपेला ते हमखास विसरत. "मामा, म्हारो पासवर्ड कई थो?" ते विचारत. मामा पंचाच्या आतून म्हणत, "मला नाही ठाऊक, भिया. मी भिंतीकडे बघून राहिलो होतो." आणि बाहेरून कढईत झारा फिरवता फिरवता कचोरीवाला ओरडे, "भिया, थारी छोरी को नाम, ने पाछे चार एक्का!"

पण या सगळ्यांपेक्षा माझा जीव खाणारी सवय निराळीच होती. मामा कधीही लॉगआउट करत नसत.

काम झालं, पावती निघाली, माणूस उठायला लागला, की मामा हात वर करत. "निरोप यायचाय." म्हणजे काय, तर पूर्वी दरबारातून कुणी आपण होऊन पाठ फिरवून जात नसे. अत्तर लागायचं, विडा हातात पडायचा, तो निरोप. मग मागच्या पावलांनी बाहेर. तर पोर्टलातूनही आपण होऊन बाहेर पडायचं नाही. हात जोडून बसून राहायचं. बराच वेळ कुणी काही केलं नाही की पोर्टल स्वतःच सांगतं, तुमचं सत्र संपलं आहे. मामांच्या लेखी हा निरोप. तो आला की ते मान लववत, टोपी काढत आणि मामींनी करून ठेवलेल्या डब्यातून दोन विडे काढत, एक स्वतःला, एक समोरच्याला. तोपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी एकदा म्हणाले, "मामा, तो कोपऱ्यात लॉगआउटचा दुवा दिलाय तो कशाला?" मामा म्हणाले, "वाड्याला मागचं दारही असतं, बाई. पाहुणा तिथून जातो का?" माझी शेवटची बस मात्र दोनदा चुकली.

एवढं सगळं करून माझ्या नोंदण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. थोरली, मग लघुउद्योग, मग कर, आणि सगळ्यांत शेवटी, फार रुसून, धाकटी. आणि धाकटीच्या पोर्टलावर तेव्हाच धार जिल्ह्यातल्या वसतिगृहांच्या चादरींचं टेंडर निघालं. गंधवानीकडची सगळी वसतिगृहं त्यात होती. हे मिळालं तर आठही मशिनी वर्षभर चालणार होत्या. नाही मिळालं तर मी त्या विकणार होते. तसं मी लताला सांगूनही टाकलं होतं, आणि तिने त्या दिवशी पहिल्यांदाच मला "कुछ हुआ क्या" असं विचारलं नव्हतं.

टेंडर दुपारी तीनला बंद होणार होतं. त्या शेवटच्या दिवशी सकाळीच मी धारला मामांसमोर बसले होते, कारण कागद चढवण्याचं काम मला एकटीला करायची छाती नव्हती. सगळे कागद चढले. आता फक्त डिजिटल सही राहिली. पिशवीत हात घातला तर संगणकात खोचायचं सहीचं डोंगल नाही. ते देवासला, मशीनच्या खणात, बॉबिनींच्या डबीत. घाई हा माझा दुसरा आजार. मी कपाळावर हात मारला, म्हणाले, "मामा, देवासला जाऊन तिथल्याच संगणकावरून सही करते आणि भरून टाकते," आणि उठले.

"निरोप?" मामा म्हणाले.

"माझ्या वाटचा तुम्हीच घ्या!" असं ओरडून मी चपला अडकवल्या आणि बसस्टँडकडे पळाले.

देवासला पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. आठही बाया मशिनी थांबवून उभ्या. लताने डोंगल पदराने पुसून हातात दिलं. मी लॉगिन केलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. आपण आधीच दुसऱ्या संगणकावर लॉगिन आहात, आधी तिथून बाहेर पडा. परत केलं, परत तेच. मी धारला फोन लावला. मामांचा आवाज अगदी कुजबुजता.

"बाई, नंतर बोलू. अजून निरोप आला नाही."

"अजून? मामा, मी इंदूर ओलांडून देवासला आले!"

"आज गर्दी दिसते दरबारात. तुम्ही गेल्यावर पान अडकलं. चक्र फिरून राहिलंय, आणि लिहिलंय, कृपया प्रतीक्षा करा, पान बंद करू नका. हुजूरांनीच थांबायला सांगितलंय."

"तुम्ही आत आहात म्हणून मला आत घेत नाहीये ते! लॉगआउट करा!"

मग मामा म्हणाले, "बाई, आमच्या घराण्यात आजवर कुणी..."

"मामा, तीन वाजत आले! माझ्या आठ बाया घरी बसतील!" मी इतक्या जोरात ओरडले की लताने माझा खांदा धरला.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंतर पावलांचा, अगदी सावकाश. मला वाटलं, गेले, रागावून उठून गेले. तेवढ्यात बादली उलथल्याचा मोठा आवाज झाला आणि मामी किंचाळल्या, "अहो, उलटे काय चालून राहिलेत?" मामा पोर्टलाकडे पाठ न करता मागच्या पावलांनी खोलीबाहेर पडले होते, थेट मामींच्या धुण्याच्या बादलीत. फोन त्यांच्या हातातच होता, त्यामुळे पुढचं सगळं मला नीट ऐकू आलं.

"तुझ्या माहेरी कुणी दरबारात होतं का?" मामांनी विचारलं.

"माझ्या माहेरी म्हशी होत्या. ठाऊक नाही का तुम्हाला?"

"मग तूच जा. तुला दोष नाही. वर उजव्या कोपऱ्यात लॉगआउट लिहिलंय, तिथे बाण नेऊन दाब. मी इकडे तोंड करून उभा आहे."

"माझे हात कणकेचे आहेत!"

"राहू दे कणीक! आठ बायांचा प्रश्न आहे!"

मामी गेल्या. मामा भिंतीकडे तोंड करून बाहेर उभे, मी देवासला उभी, माझ्यामागे आठ बाया उभ्या. मामींचा आवाज आतून आला, "अहो, हे विचारून राहिलंय, तुम्हाला नक्की बाहेर पडायचंय का?"

"बघ!" मामा कळवळून म्हणाले. "हुजूर विचारतायत!"

"हो म्हणा, मामी!" मी फोनमध्ये ओरडले. "हो म्हणा!"

मामींनी कणकेच्या बोटाने हो म्हटलं. मी आत गेले, सही केली, आणि तीन वाजायला थोडी मिनिटं असताना पावती निघाली. बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मी मात्र जमिनीवरच बसले.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर मामा पोर्टलासमोर टोपी घालून बसलेले. सकाळपासून मदतकेंद्राला फोन लावत होते म्हणे, क्षमा मागायला. क्षमेचाही ऑप्शन नव्हता. महिन्याभराने ऑर्डर आपल्यालाच मिळाल्याचं कळवलं तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "हुजूर मोठ्या मनाचे," म्हणाले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मामा, खरं सांगा. बसून राहण्याने काय होतं?"

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, काम झालं की सगळे उठतात. दरबार उठल्यावर सगळ्यांत शेवटी चोपदार निघायचा. आत कुणी राहून गेलं नाही ना, बघायचं असायचं त्याला. कुणी म्हातारं, कुणी बाई, कुणी बिचकून खांबाआड थांबलेलं. त्यांना घेऊन मगच बाहेर." मग म्हणाले, "मी सत्र संपेपर्यंत बसतो ना, तेव्हा बघत असतो. पावती निघूनही कधी कधी आत काहीतरी अडकलेलं असतं. तुमचं त्या दिवशी अडकलं, तसं."

खरं तर त्या दिवशी अडकलं होतं ते मामांच्या बसून राहण्यानेच. पण ते मी बोलले नाही. या माणसाने माझ्या आठ मशिनींसाठी घराण्याची रीत मोडली होती आणि तीही मागच्या पावलांनी, बादलीत पाय घालून. त्यांच्याइतकी माया मला त्या सगळ्या पोर्टलांच्या जगात दुसऱ्या कुणी लावली नाही.

गेल्या थंडीत मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. टोपी खुंटीवरच होती. मी धारला पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग पडला होता, नालछ्याचे, गंधवानीचे, कुठकुठचे पुरवठादार अनवाणी आत चालले होते. कचोरीवाल्याने त्या दिवशी कढई चढवली नव्हती. तो दाराशी उभा होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, सवयीने म्हणा की काय म्हणा, आत सांगत होता. "गंधवानीचे झाडूवाले, भेरूलाल आणि बंधू." "देवासच्या चादरवाल्या बाई." मामी कोपऱ्यातून मान हलवत होत्या. मला मात्र मामांचा भयंकर राग आला. जन्मभर निरोपाशिवाय उठला नाही हा माणूस, आणि आम्हा सगळ्यांना बसवून, एकाही शब्दाने न सांगता उठून गेला. बसमध्ये इंदूरपर्यंत मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत आले आणि रडत आले.

परवा माझ्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख आली. या खेपेला धारला जायचं कारण नव्हतं. डोंगल हाताशी, कागद हाताशी, नंबर माझा. देवासच्या संगणकासमोर बसले, आणि बसल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. उठून चपला काढल्या. बाया हसल्या. एकेक पान भरत गेले. शेवटच्या बटणापाशी आले तेव्हा उभी राहिले आणि जमेल तितक्या मोठ्या आवाजात स्वतःच्या केंद्राचं नाव पुकारलं. रस्त्यावरून जाणारा एक माणूस सायकल थांबवून बघत राहिला. पावती निघाली.

लता म्हणाली, "ताई, हो गया ना? फिर बैठी क्यूँ हो?"

"निरोप यायचाय," मी म्हटलं.

तिला मामांची गोष्ट ठाऊक होती. तिने आपलं मशीन बंद केलं. मग दुसरीने केलं, मग तिसरीने. आठही जणी हातातली चादर मांडीवर घेऊन गप्प बसून राहिल्या. मला मुळात धीर नाही, तरी मी बसले. पुष्कळ वेळाने स्क्रीनवर अक्षरं आली, तुमचं सत्र संपलं आहे. मी मान लववली आणि सकाळीच नाक्यावरून आणून ठेवलेला विडा तोंडात टाकला. पान खायची मला सवय नाही. डोळ्यांत पाणी आलं ते चुना जरा जास्त झाला म्हणून, असं मी बायांना सांगितलं.